स्वतःची नाणी घेऊन प्रदर्शनाला जाताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कम्युनिटी हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कमिटीने मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी शिवकालीन नाण्यांवर बोलावं. तो विषय मोठा आहे आणि त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा मोठे अभ्यासक आपल्या राज्यात आहेत. मी हौशी संग्राहक. पण आपल्या सोसायटीत मला लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये आणि गणपतीच्या मांडवात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काका, आमच्याकडे थोडी जुनी नाणी आहेत. नाण्यांचं प्रदर्शन लागलंय म्हणे. घेऊन जाऊ का?"

माझं उत्तर असतं, जरूर जा. पण कसं जायचं, तिथे गेल्यावर काय करायचं, काय करायचं नाही, हे लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत सांगून होत नाही. म्हणून आज तेच सविस्तर सांगतो.

हा विषय आत्ताच का, तेही सांगतो. आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीत होतो. आज पंचवीस वर्षांनी आपल्या घरांतली कपाटं आवरायला निघाली आहेत. कुणाची मुलं बंगळुरूला, कुणाची परदेशात. कुणाच्या गावचं घर विकलं गेलं, आणि तिथल्या देवघरातला पितळी डबा इथल्या लॉफ्टवर येऊन बसला. त्या डब्यात आजीचे राणीछाप रुपये असतात, भोकाचे पैसे असतात, चार शिवराया असतात. हा डबा बहुतेक घरांत एकदाच उघडतो, आणि त्या दिवशी जे होईल ते कायमचं होतं. नाणी घासली गेली की घासली गेली. विकली गेली की गेली. त्यामुळे हा नुसता शिष्टाचाराचा मामला आहे असं समजू नका.

आधी नाण्यांचं प्रदर्शन म्हणजे काय, ते थोडक्यात. पुण्यात 'कॉइनेक्स' भरतं, मुंबईत भरतं, इतर शहरांतही भरतं. एखादं मंगल कार्यालय किंवा मोठा हॉल असतो. एका बाजूला संग्राहकांनी मांडलेले काचेचे फलक असतात, ते फक्त बघायचे. दुसऱ्या बाजूला नाणेविक्रेत्यांची टेबलं असतात, तिथे खरेदी-विक्री चालते. कधी कधी एखाद्या लिलाव कंपनीचा लिलावही असतो. म्हणजे नाव प्रदर्शन असलं तरी निम्मा बाजार असतो. आपण आपली नाणी घेऊन जातो तेव्हा आपण नुसते प्रेक्षक राहत नाही, त्या बाजारात उतरतो. आणि हा बाजार बराचसा शब्दावर चालतो. नाणं नखाएवढं असतं, त्यावर मालकाचं नाव नसतं, आणि एका दिवसात ते दहा अनोळखी हातांतून फिरतं. तिथले सगळे रीतिरिवाज यातूनच आले आहेत.

मी ते तीन प्रश्नांत बसवले आहेत. नाणं कोणाचं? आणलंय कशासाठी? आणि आत्ता कोणाच्या हातात आहे? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना स्पष्ट असली की भांडण होत नाही.

पहिला प्रश्न : नाणं कोणाचं?

याचं उत्तर प्रदर्शनात शोधायचं नसतं, ते घरातच ठरवून निघायचं असतं.

एका प्रदर्शनात मी एका टेबलाशेजारी उभा होतो. एक गृहस्थ आईचे तीस-बत्तीस चांदीचे रुपये घेऊन आले होते. विक्रेत्याने एकेक बघितला, वजन केलं, भाव सांगितला. गृहस्थांना तो पटला. पैसे मोजायला सुरुवात होणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बहिणीचा होता. बाजूला जाऊन बोलले, पण आवाज चढला. "ते आईने मला ओवाळणीत घातलेले आहेत" एवढं पलीकडचं वाक्य आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. ते परत आले तेव्हा विक्रेत्याने रुपयांची चळत पुन्हा त्यांच्याच पिशवीत भरून ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "साहेब, ताईंना घेऊन या. घाई नाही." त्या माणसाचा त्या दिवशी चांगला सौदा गेला. पण त्याच्याकडे मी आजही डोळे मिटून जातो.

तेव्हा घरच्या सर्वांना विचारून निघा. भावंडं परगावी असतील तर फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाका आणि काय करणार आहात ते लिहा. फक्त दाखवायला नेणार असाल तरीसुद्धा. कारण दाखवायला गेलेला माणूस भाव ऐकून विकून येतो, असं पुष्कळदा होतं.

याच प्रश्नाचा दुसरा भाग कायद्याचा आहे. गावी घराचा पाया खणताना, शेतात नांगरताना नाणी सापडली असतील तर ती आपोआप आपली होत नाहीत. १८७८ सालचा ट्रेझर ट्रोव्ह कायदा, म्हणजे निखात निधीचा कायदा, आजही लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अशी नाणी प्रदर्शनात नेऊन टेबलावर ओतणं म्हणजे स्वतःला आणि समोरच्यालाही अडचणीत टाकणं.

यात नुसता कायद्याचा धाक नाही. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली होती. एका राजाने दुसऱ्या राजाला हरवून त्याचंच चलन आपल्या नावाने चालवलं, याचा इतका ढळढळीत पुरावा क्वचित मिळतो. तो पुरावा एका नाण्यात नाही, तो त्या ढिगाच्या मोजणीत आहे. तीच नाणी सापडल्या दिवशी पाच-पाच करून वाटली गेली असती, किंवा सोनाराच्या मुशीत गेली असती, तर आपल्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं असतं.

आणि ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. "नातवाला आठवण म्हणून पाच रुपये दिले" असं म्हणून सूटकेसमध्ये टाकू नका. नातू इथे येईल तेव्हा त्याला इथेच दाखवा.

दुसरा प्रश्न : आणलंय कशासाठी?

माहिती विचारायला, विकायला, की अदलाबदल करायला? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टेबलाशी गेल्यावर पहिल्या वाक्यात त्या सांगायच्या असतात.

टेबल म्हणजे त्या विक्रेत्याचं दोन-तीन दिवसांचं दुकान. त्याने आयोजकांना त्याचं भाडं भरलेलं असतं. समोर गिऱ्हाईक उभं असताना आपण पिशवी उघडून "हे जरा बघा हो" म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये गाडी लावून "दोनच मिनिटं" म्हणण्यासारखं आहे. आपल्या सोसायटीत त्या दोन मिनिटांवरून काय काय होतं ते मी सांगायला नको!

म्हणून थोडं थांबा. गिऱ्हाईक गेलं की सरळ सांगा, "माझ्याकडे घरची सहा नाणी आहेत. आज विकायची नाहीत, माहिती हवी आहे. तुम्हाला कधी सवड असेल?" बहुतेक विक्रेते तिथल्या तिथे बघतात. काही जण म्हणतात, "तीननंतर या." मग तीननंतर जा. पहिल्या दिवशी सकाळी गर्दी असते, शेवटच्या दिवशी संध्याकाळी आवराआवर असते. या दोन वेळा टाळल्या की बरं.

माहिती हवी असेल तर विक्रेत्याच्या आधी आयोजक संस्थेच्या टेबलाकडे जा. तिथे बसलेले जुने संग्राहक हौसेने सांगतात. त्यांना विकत घ्यायचं नसतं, त्यामुळे तुम्हालाही मोकळेपणाने विचारता येतं.

विकायचं असेल तर भावाबद्दल थोडं समजून घ्या. विक्रेता ज्या किमतीला नाणं विकतो त्या किमतीला तो आपल्याकडून घेणार नाही. त्याला भाडं, प्रवास, गुंतवलेले पैसे, सगळं त्या फरकातून काढायचं असतं. पुस्तकात छापलेली किंमत बघून "तुम्ही मला फसवताय" म्हणू नका. नाही पटलं तर "विचार करून येतो, आभारी आहे" म्हणा आणि नाणी उचला. त्यात कुणालाच राग येत नाही. राग कशाचा येतो? एकाचा भाव घेऊन दुसऱ्याकडे जायचं, दुसऱ्याचा घेऊन पुन्हा पहिल्याकडे, आणि शेवटी "विकायचीच नव्हती, सहज विचारलं" म्हणायचं, याचा येतो. दोन-तीन ठिकाणी भाव विचारणं योग्यच आहे, तुमचा तो हक्क आहे. पण विकायचं मनात नसताना भाव काढत फिरू नका. आणि एकदा "दिलं" म्हणालात की दिलं. पुढच्या टेबलावर शंभर रुपये जास्त मिळतायत म्हणून मागे फिरायचं नाही. उलट त्यानेही "घेतलं" म्हटल्यावर भाव पाडायचा नसतो. व्यवहार झाला की बिल मागून घ्या.

आणखी एक रीत अगदी कडक पाळली जाते. एका विक्रेत्याच्या टेबलाशी उभं राहून, तिथे आलेल्या गिऱ्हाइकाला आपली नाणी विकायची नाहीत. कुणी शेजारी शिवराई घासाघीस करून घेतोय, आणि आपण कोपराने ढोसून "माझ्याकडे याहून स्वस्त आहे, बाहेर या" म्हणतो, हे तिथे फार वाईट समजलं जातं. तसंच दोघांचा सौदा चालू असताना मध्ये तोंड घालायचं नाही. "हे नकली आहे" किंवा "फार महाग सांगतोय" हे आपल्याला कितीही खात्रीने वाटलं तरी. त्या गिऱ्हाइकाने आपल्याला विचारलं तर बाजूला जाऊन सांगा.

आता अपेक्षांबद्दल. मंडळी, मोबाईलवरचे व्हिडिओ बघून प्रदर्शनाला जाऊ नका! वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं, असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते २०१२ साली सरकारने काढलेलं नाणं आहे, ते चलनात भरपूर फिरतं. अशा अफवांवर स्वार होऊन लोकांकडून 'कमिशन' आणि 'फी' उकळणारे निघाले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सूचना द्यावी लागली की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारासाठी बँक असलं काहीही शुल्क घेत नाही आणि तिने कुणाला तसा अधिकार दिलेला नाही.

दुसरं नेहमीचं म्हणजे रामदरबार. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ किंवा १७१७ असं साल. ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ही अलीकडच्या काळात बनवलेली पदकं आहेत. आणि "हे तांदूळ ओढून घेतं, परदेशी कंपनी कोट्यवधी देते" असं कुणी सांगितलं तर तो सरळसरळ ठकवण्याचा धंदा आहे. तुमच्या घरात असं पदक देव्हाऱ्यात असेल तर त्याची पूजा खुशाल करा. पण टेबलावर ठेवून विक्रेत्याने "याला किंमत नाही" म्हटलं की त्याच्यावर चिडू नका. दिवसभरात त्याने ते वाक्य अनेकदा म्हटलेलं असतं.

जुनं म्हणजे महाग, हाही एक गैरसमज. राणीछाप रुपयांत १८६२ साल बघून लोक हरखतात. पण टांकसाळीने पुढेही बरीच वर्षं तेच साल घालून रुपये पाडले, त्यामुळे तो अगदी सहज मिळणारा रुपया आहे. उलट १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणूनच त्याच्या नकलाही आहेत. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गंमत तर प्रसिद्ध आहे. राजाच्या अंगावरच्या झग्यात एक लहानसा हत्ती होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला. बोभाटा झाला, सरकारने ते रुपये मागे घेतले आणि पुढच्या साली हत्ती नीट सोंड दाखवून कोरला. हे सगळं घरच्या घरी भिंगातून बघण्यासारखं आहे. आपल्याकडे काय आहे हे थोडंफार माहीत असलं की समोरच्याचाही वेळ जात नाही आणि आपल्यालाही कुणी गुंडाळू शकत नाही.

तिसरा प्रश्न : आत्ता कोणाच्या हातात आहे?

हा प्रश्न नाणी सांभाळण्याचा आहे, आणि त्याची सुरुवात स्वयंपाकघरापासून होते.

भगिनींनो, हात जोडून सांगतो, नाणी घासू नका. प्रदर्शनाला न्यायची म्हणून चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पावडर लावून लख्ख करू नका. लक्ष्मीपूजनाला तुम्ही ज्या रुपयांना दरवर्षी हळदकुंकू वाहता ते पुसून ठेवणं वेगळं. पण चांदीवर वर्षानुवर्षांनी जी काळसर झाक येते ती संग्राहकाला हवी असते. घासल्यावर बारीक चरे पडतात, अक्षरांची धार जाते, आणि किंमत एकदम उतरते. तांब्याच्या नाण्याचं तर विचारूच नका. मातीच लागलेली असेल तर तशीच न्या आणि तिथल्या जाणकाराला विचारा.

न्यायच्या आधी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. घरात सोनारी काट्यासारखा छोटा वजनकाटा असेल तर वजन लिहा. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा. फार कमी-जास्त भरला तर शंका घ्यायला जागा आहे. एका कागदावर यादी करा : क्रमांक, काय आहे, साल, वजन. यादीची एक प्रत घरी ठेवा.

पूर्ण डबा नेऊ नका. पाच-दहा नाणी निवडा. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदी पाकिटात किंवा नाण्यांसाठीच्या होल्डरमध्ये ठेवा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात फार दिवस ठेवलं तर नाण्यावर हिरवट चिकट थर येतो, तो टाळा. पुरचुंडीत सगळी एकत्र बांधून नेली तर रिक्षाच्या प्रत्येक खड्ड्यात ती एकमेकांवर आपटतात. खड्ड्यांची संख्या तुम्हाला माहीत आहेच.

दारात गेल्यावर आयोजकांना सांगा की सोबत स्वतःची नाणी आहेत. नोंद करायची पद्धत असेल तर करा. बाहेर पडताना "ही कुठून आली?" हा प्रश्न मग येत नाही.

आता टेबलाशी. त्याच्या काचेवर आपली पिशवी ठेवायची नाही. "इथे ठेवू का?" असं विचारायचं. तो मऊ कापड किंवा ट्रे पुढे करेल. त्याच्या ट्रेमध्ये त्याची स्वतःची नाणी असतील तर तिथे आपलं नाणं ठेवायचं नाही, ती आधी उचलू द्यायची. हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. दोन सारखे राणीछाप रुपये एका ट्रेमध्ये आले की कोणता कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी एकदा अशी बाचाबाची पाहिली आहे. दोघेही सभ्य, दोघेही खरं बोलत होते, आणि दोघांनाही आपलाच रुपया चांगला होता असं वाटत होतं. शेवटी एकाने फोनवर आपला फोटो दाखवला, कडेचा एक खोक जुळला आणि प्रकरण मिटलं. म्हणून म्हटलं, फोटो काढून न्या.

एका वेळी एकच नाणं बाहेर काढा. ते बघून परत पाकिटात गेलं की दुसरं. नाणं हातातून हातात द्यायचं नाही. आपण कापडावर ठेवायचं, समोरच्याने तिथून उचलायचं. त्याने ठेवल्यावर आपण उचलायचं. म्हणजे पडलं तर कोणाच्या हातून पडलं हा वाद राहत नाही. धरताना कडेने धरायचं, अंगठा आणि तर्जनीत. छापा-काट्यावर बोटं टेकवायची नाहीत. खाली कापड असेल अशाच जागी धरायचं. नाण्यावर वाकून बोलायचं नाही, तोंडातले बारीक तुषार पडतात आणि त्याचे डाग राहतात. चहाचा कप टेबलावर ठेवायचा नाही. भजी खाऊन आलेले हात आधी धुऊन यायचे.

दुसऱ्याचं नाणं बघायचं असेल तर हेच सगळं उलट लागू. विचारल्याशिवाय उचलायचं नाही, होल्डरमधून स्वतः काढायचं नाही, फोटो काढायचा तर परवानगी घ्यायची.

आपलं नाणं नजरेआड जाऊ द्यायचं नाही. "आतल्या बाजूला दाखवून आणतो" असं कुणी म्हटलं तर "चला, मीही येतो" म्हणा. यात अविश्वास नाही. चांगल्या विक्रेत्यालाही तेच हवं असतं, कारण उद्या काही झालं तर संशय त्याच्यावर यायचा. आणि टेबल सोडताना यादी काढून नाणी मोजा, त्याच्या समोरच. बँकेत कॅशियरसमोर आपण नोटा मोजतो, त्याचं कुणाला वाईट वाटतं का?

मुलांना जरूर न्या. त्यांच्यासाठी थोडी सुट्टी नाणी न्या, म्हणजे त्यांनाही कडेने धरायला शिकवता येतं. गेल्या खेपेला आपल्याच सोसायटीतला एक सातवीतला मुलगा माझ्याबरोबर आला होता. आजोळहून मिळालेली एक शिवराई त्याच्या खिशात. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपती'. त्याला वाटत होतं, थेट महाराजांच्या काळातली. आयोजकांच्या टेबलावरच्या एका वयस्कर गृहस्थांनी भिंग लावून बघितली आणि सांगितलं, "बाळ, ही दुदांडी. अक्षरांमध्ये या दोन रेषा दिसतात ना, त्यावरून. ही फार नंतरची, पेशवाईच्या शेवटाकडची किंवा त्यानंतरची." मुलाचा चेहरा पडला. तेव्हा ते म्हणाले, "अरे, महाराज गेल्यावर शंभर-सव्वाशे वर्षांनीसुद्धा लोक त्यांच्याच नावाचा पैसा मागत होते. टांकसाळवाल्याला दुसरं नाव घालून भागत नव्हतं. ही केवढी गोष्ट आहे!" त्या शिवराईची बाजारातली किंमत फार नाही. मुलाने घरी येईपर्यंत ती पाकिटात कडेने धरून ठेवली होती.

जाता जाता पुतळ्यांच्या माळेबद्दल. आपल्याकडच्या जुन्या पुतळ्यांचं मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात आहे. त्यावर त्यांचा संत आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख असे दोघे होते. आपल्या लोकांना त्यात राम-सीता दिसले, आणि मग इथल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या. कडी लावलेलं, भोक पाडलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी उणं असतं. विक्रेता बहुतेक सोन्याचाच भाव सांगेल, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण पणजीच्या गळ्यातली माळ सोन्याच्या भावाने द्यायची की घरात ठेवायची, हे त्याने सांगायचं नसतं. हा पहिला प्रश्न, कोणाचं, तो घरीच सुटायला हवा. प्रदर्शनातून काहीही न विकता, फक्त आपल्याकडे काय आहे ते कळून घरी येणं, यात काहीही कमीपणा नाही. बहुतेकांनी पहिल्या खेपेला तेच करावं असं मी सांगेन.

ज्यांना प्रदर्शनाची गर्दी नको वाटते त्यांनी आधी मुंबईला फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम बघावं, किंवा नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीला नाणेसंशोधन संस्थेचं संग्रहालय आहे तिथे थांबावं. नाणी कशी ठेवतात, कशी मांडतात, ते डोळ्यांना दिसलं की अर्धं काम झालं.

पुढचं प्रदर्शन जाहीर झालं की मी नोटीस बोर्डावर तारीख लावीन. ज्यांना यायचं असेल त्यांनी आदल्या रविवारी सकाळी माझ्याकडे यावं. आपण एकत्र बसून याद्या करू, फोटो काढू, पाकिटं भरू. डबा घेऊन या, घासलेला नको. आणि भावंडांना फोन करून मगच या.